आधी रक्त, मग ऑक्सिजन : तासगाव तालुक्यातल्या एका पायाचं प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच म्हणतो. ओळख पटू नये यासाठी घरचे काही तपशील बदलले आहेत.

मधुमेह १५ वर्षांचा. गोळ्या चालू, पण शुगर तपासायची ती कुणी आठवण केली तरच. रक्तदाबाची गोळी डोकं दुखेल त्या दिवशी. विडी मिसरूड फुटल्यापासून, रोज एक बंडल. गेल्या दोन वर्षांपासून बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना मध्येच पोटरी भरून यायची, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायची. हे त्यांनी वयावर ढकललं होतं. खरं तर पायाची धमनी अरुंद झाल्याची ती पहिली खूण होती आणि तेव्हाच कुणी घोट्याजवळची नाडी चाचपून पाहिली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत मांडवाच्या तारेचा तुकडा उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटात घुसला. मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे लागलेलं कळलंच नाही. संध्याकाळी सूनबाईंना पायरीवर रक्ताचे डाग दिसले. हळद भरली, फडकं बांधलं. आठवडाभरात बोट निळसर झालं, मग टोकाला काळं. गावात ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक सुरू झालं. दिवाळीच्या सुमारास रात्रीचा ठणका सुरू झाला. आबांच्याच शब्दांत, "आडवं झालं की पाय पेटतोय, खाली सोडला की जरा बरं वाटतंय." महिनाभर ते खाटेच्या कडेला पाय लोंबकळत सोडून, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होते.

हे एक वाक्य कुणाही रुग्णाच्या तोंडून आलं की डॉक्टरने हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवावं. पाय खाली सोडल्यावर बरं वाटणं याचा अर्थ असा, की हृदयाच्या जोरावर रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, त्याला उताराची मदत लागते. पायाच्या धमनीच्या आजाराची ही शेवटाकडची पायरी. इथून पुढे पाय वाचवायला हातात आठवडे असतात, महिने नाहीत.

एका ठिकाणी त्यांना गुडघ्याखालून पाय काढायचा सल्ला मिळाला. अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचं चित्र, न काढता, नुसतं काळं बोट बघून. घर हादरलं. मग कुणा पाहुण्याने सांगितलं की बाहेरगावी दाबाच्या ऑक्सिजनचं केंद्र आहे, तिथे काचेच्या नळकांड्यात, म्हणजे चेंबरमध्ये, झोपवतात आणि पाय न कापता जखम भरते. शीतगृहात ठेवलेला बेदाणा विकून पैसे उभे केले आणि ३० बैठकांचं पॅकेज भरलं.

पाय जाणार म्हटल्यावर माणूस जे मिळेल ते धरतो. त्यात आबांच्या घरच्यांना मी काडीचाही दोष देत नाही. दोष असलाच तर त्या केंद्राच्या फायलीत आहे. ती फाईल आमच्याकडे आली तेव्हा मी पानन् पान वाचलं. छातीचा एक्स-रे होता, ईसीजी होता, कानाची तपासणी होती, शुगरची नोंद होती, संमतीपत्र होतं. आबा चेंबर सोसू शकतील का, हे नीट तपासलं होतं. चेंबरचा आबांच्या पायाला उपयोग होईल का, हे सांगणारी एकही तपासणी नव्हती. पायाच्या नाडीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

१४ बैठकांनंतर ते सांगलीला आमच्या ओपीडीत आले. काळेपणा दुसऱ्या बोटावरून तिसऱ्या बोटाच्या मुळापर्यंत सरकला होता. दोन बैठका तर अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या होत्या. एका माणसाच्या चेंबरमध्ये दीड तास आडवं पडून राहावं लागतं, पाय खाली सोडायची सोयच नसते. ज्याचा पाय आडवं झाल्यावर पेटतो त्याला दीड तास सरळ निजवलं होतं. आबा आतून काचेवर हात आपटत होते, असं थोरल्या मुलाने सांगितलं.

तपासणीत काय दिसलं

मुलगा म्हणाला, "साहेब, पाय लाल दिसतोय, म्हणजे रक्त येतंय की." ही समजूत मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. आबांना पाठीवर निजवून दोन्ही पाय साधारण ४५ अंशांवर उचलून धरले. मिनिटभरात उजवं पाऊल मेणासारखं पांढरं पडलं, तळव्याला रंगच उरला नाही. मग त्यांना बसवून पाय खाली सोडायला लावले. बराच वेळ काही नाही, आणि मग हळूहळू गडद, जांभळट लाली चढली. ही लाली रक्त भरपूर असल्याची खूण नव्हे. उपासमार झालेल्या सूक्ष्म वाहिन्या कायमच्या सैल पडतात आणि पाय खाली सोडला की रक्त त्यांत साचून राहतं. डावा पाय उचलल्यावरही थोडा फिकटला, ते आम्ही लिहून ठेवलं.

जांघेतली नाडी ठणठणीत. गुडघ्यामागे नाडी नाही. पावलावर नाही, घोट्यामागे नाही. हाताच्या डॉपलरवर, म्हणजे धमनीतल्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्रावर, पावलाच्या वरच्या बाजूला एक मंद, लांबट आवाज, नेहमीचा झटका नसलेला.

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर साधारणपणे १ च्या आसपास असतं, ०.९ च्या खाली गेलं की आजार धरतात. आबांचं आलं १.४६. वरवर पाहता झकास. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठतो, ती दगडासारखी कडक होते आणि पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही. म्हणून आकडा फसवा येतो. १.४ च्या वर गुणोत्तर गेलं की त्यावर विसंबायचं नाही, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा. तिथल्या बारीक धमन्यांत चुना कमी साठतो. आबांच्या अंगठ्याचा दाब होता २२ (रक्तदाबासारखाच, मिलिमीटर पाऱ्यात). ३० च्या खाली म्हणजे पाय धोक्यात.

तिसरं मोजमाप या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं. त्वचेवर चिकटवायचा एक छोटा तापणारा सेन्सर असतो, तो खालच्या पेशींपर्यंत पोचणाऱ्या ऑक्सिजनचा दाब सांगतो. हे यंत्र आपल्या भागात सहज मिळत नाही, आम्ही ते एका सहकाऱ्याकडून आणलं. जखमेच्या शेजारी साध्या हवेत आकडा आला १२. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर १० मिनिटांनी १७. जखम भरायला साधारण ४० च्या वर हवा असतो. फुफ्फुसात ऑक्सिजन कोंबूनही पावलावरचा आकडा जेमतेम पाचाने हलला, इथेच उत्तर मिळालं होतं.

मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.५, म्हणजे थोडं वाढलेलं होतं, त्यामुळे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी थांबवून, सलाईन देऊन सीटी अँजिओग्राफी केली. मांडीच्या खालच्या भागात मुख्य धमनी पूर्ण बंद, बंद पट्टा गुडघ्यामागपर्यंत. गुडघ्याखाली मात्र ती आजूबाजूच्या फाट्यांतून पुन्हा भरत होती आणि नडगीच्या पुढून जाणारी एक धमनी थेट पावलापर्यंत उघडी होती. म्हणजे बायपास, बंद भागाला वळसा घालून रक्त नेणारी जोडवाट, टेकवायला जागा होती. हा पाय गुडघ्याखालून काढायचा सल्ला मिळाला होता!

चेंबरमध्ये नेमकं काय घडतं

हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे हा दाबाखालचा ऑक्सिजन, थोतांड नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या आजारात, कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत, रेडिएशनने जळालेल्या ऊतींत त्याला मानाचं स्थान आहे. त्यामागचं गणितही सरळ आहे.

निरोगी माणसाच्या १०० मिली रक्तात हिमोग्लोबिनला चिकटलेला सुमारे २० मिली ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७–९८ टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी भर घालायला जागा नाही. रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळलेला ऑक्सिजन मात्र फक्त ०.३ मिली. दाब वाढवला की विरघळण्याचं प्रमाण त्याच पटीत वाढतं. २.४ वातावरणांच्या, म्हणजे नेहमीच्या हवेच्या २.४ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हा आकडा ५ मिलीच्या आसपास जातो. विश्रांतीत शरीर १०० मिली रक्तातून साधारण तेवढाच ऑक्सिजन काढून घेतं. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांचं जवळपास सगळं हिमोग्लोबिन काढून टाकून, ३ वातावरणांच्या दाबाखाली केवळ प्लाझ्मातल्या ऑक्सिजनवर त्यांना जिवंत ठेवलं होतं.

जखमेलाही त्याचा फायदा पटण्याजोगा आहे. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. जखम भरून काढणारं कोलॅजन विणायला ऑक्सिजन लागतो. नवीन सूक्ष्म वाहिन्या फुटायला चालना मिळते, सूज उतरते.

पण हे सगळं प्लाझ्मावर स्वार होऊन येतं. प्लाझ्मा रक्तातच असतं. आणि रक्त धमनीतून येतं.

आबांच्या मुलाचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. "सोळा बैठका राहिल्यात, पैसे भरलेत. तेवढ्या पुऱ्या करू आणि मग ऑपरेशनचं बघू का?" मी त्याला विचारलं, ठिबकची लॅटरल नळी मध्येच चोंदली तर टाकीत खत दुप्पट कालवून शेवटच्या वेलीला काय मिळेल? तो बागायतदाराचा मुलगा. एवढ्यावरच त्याने मोबाइल काढून केंद्राला येत नसल्याचं कळवलं. पैसे परत मिळाले नाहीत.

अभ्यास काय सांगतात, तेही त्यांना सांगितलं. मधुमेही पायाच्या जखमांवरचा स्वीडनमधला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९४ रुग्ण, निम्म्यांना चेंबरमध्ये ऑक्सिजन, उरलेल्यांना त्याच चेंबरमध्ये साधी हवा, कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नाही. वर्षभरात जखम भरण्याचं प्रमाण ५२ टक्के विरुद्ध २९ टक्के. हा आकडा जाहिरातींत झळकतो. जाहिरातीत न येणारी गोष्ट अशी की त्यात घेतलेल्या रुग्णांचा रक्तपुरवठा आधी तपासला होता. एकतर तो पुरेसा होता, नाहीतर शस्त्रक्रियेने सुधारण्याजोगा उरला नव्हता. ज्यांची धमनी उघडता येत होती त्यांना आधी शस्त्रक्रियेकडे पाठवलं जात होतं. त्याच संशोधकांनी २०११ मध्ये त्वचेवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यानुसार निकाल मांडले, तेव्हा २५ च्या खाली आकडा असलेल्यांपैकी चेंबरमध्ये जाऊनही कुणाचीच जखम भरली नव्हती. ७५ च्या वर असलेल्यांची सगळ्यांची भरली होती. आबांचा आकडा होता १२.

कॅनडातल्या २०१६ च्या अभ्यासात १०३ रुग्णांमध्ये चेंबरने पाय किंवा बोट काढण्याची गरज कमी झाली नाही. नेदरलँड्समध्ये २०१८ साली खास रक्तपुरवठा कमी असलेल्या मधुमेही पायांवरच अभ्यास झाला, १२० रुग्णांचा. वर्षाअखेर पाय वाचले चेंबरच्या गटात ८८ टक्के, दुसऱ्या गटात ७८ टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. जखमा पूर्ण भरल्या ३० जणांच्या विरुद्ध २८ जणांच्या, म्हणजे जवळजवळ सारख्याच. आणि चेंबरच्या गटातल्या ३५ टक्के लोकांना ठरलेल्या बैठका पूर्ण करता आल्या नाहीत. इतके आजारी रुग्ण, रोजची ये-जा, रोजचे दीड-दोन तास. नेदरलँड्ससारख्या टीचभर देशात ही गत, तर तासगावहून रोज कुठे जाणार?

आंतरराष्ट्रीय मधुमेही पाय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही एवढंच म्हणतात की नेहमीचे चांगले उपचार करूनही रक्त कमी असलेली जखम भरत नसेल आणि सोय उपलब्ध असेल, तर या उपचाराचा विचार करावा. नेहमीच्या चांगल्या उपचारांत धमनी उघडणं आलंच.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

बायपास मिरजेत झाली. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं उपचाराला या गावात येतात, आणि आजही आपल्या भागातल्या माणसाला अशा शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठायची गरज पडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. बेदाणा विकून भरलेल्या पॅकेजच्या शेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी.

मांडीच्या आतल्या बाजूची आबांची स्वतःचीच शीर काढली. शिरेत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जांघेतल्या धमनीपासून गुडघ्याखालपर्यंत जोडली. मुख्यतः अमेरिकेत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं आहे की अशी एकसंध चांगली शीर हाताशी असेल तर फुगा घालून धमनी उघडण्यापेक्षा बायपास सरस ठरते. संध्याकाळी पाऊल कोमट झालं. डॉपलरवर झटक्याचा आवाज परत आला. त्या रात्री आबा पाय वर घेऊन झोपले.

चार दिवसांनी काळी पडलेली दोन बोटं आणि त्यामागचं सडलेलं हाड काढलं, हाडाचा तुकडा जंतू ओळखण्यासाठी कल्चरला पाठवला, अँटिबायोटिक सहा आठवडे चाललं. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारं जादा मात्रेतलं स्टॅटिन, आणि रक्ताची गुठळी रोखणारं रिव्हरोक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला हे औषध दिल्याने पाय आणि हृदय या दोन्हींचे मोठे धोके कमी होतात, हे २०२० च्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. आबांनी विडी सोडली. हे एक वाक्य लिहायला सोपं आहे, पण पहिले तीन आठवडे ते घरच्यांवर खेकसत होते आणि सूनबाईंनी ते निमूट सोसलं.

पाच आठवडे जखम छान भरत गेली, आणि मग अडली. तीन सेंटिमीटर बाय दोन, तळ गुलाबी पण फिका, कडा जागच्या जागी. बायपास सोनोग्राफीत उघडी होती. अंगठ्याचा दाब ४८ वर आला होता. त्वचेवरचा ऑक्सिजन ३४. धमनीच्या बाजूने करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं, जंतुसंसर्ग आटोक्यात होता, शुगर ताळ्यावर होती, पायावरचा भार काढलेला होता.

आता चेंबरची वेळ झाली होती, आणि या वेळी मीच तो सुचवला. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. पण या खेपेला प्रश्न वेगळा होता, कारण नळी मोकळी होती. पुण्यातल्या एका केंद्रात पहिल्याच बैठकीत, २.४ वातावरणांच्या दाबाखाली जखमेशेजारचा आकडा मोजला. २०० च्या वर गेला तर उपयोगाची शक्यता चांगली धरतात. आबांचा गेला २६८. मग ३० बैठका ठरल्या, रोज ९० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, मुक्काम पुतण्याकडे.

रोज आत जाण्यापूर्वी शुगर तपासायची, कारण चेंबरमध्ये ती उतरते. एकदा ९८ आली तेव्हा आधी खायला घातलं, अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं आणि मगच आत सोडलं. डोक्याला तेल लावायचं नाही, अंगाला मलम नाही, मोबाइल, काडेपेटी काही नाही, अंगावर फक्त केंद्राचे सुती कपडे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. आबांना तेल न लावता घराबाहेर पडायची सवय नव्हती, पहिल्या दिवशी त्यांना परत पाठवून डोकं धुऊन यायला सांगितलं. त्या तंत्रज्ञाचं मला मनापासून कौतुक वाटतं. कान दुखू नयेत म्हणून दाब चढताना सारखं गिळायचं. चौथ्या आठवड्यात आबांना चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला आणि ते हरखले, पण लांबचं धूसर दिसू लागलं होतं. ऑक्सिजनने डोळ्याचं भिंग तात्पुरतं बदलतं, बैठका संपल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतं. नवीन नंबर काढायची घाई करू नका, असं सांगितलं. पुढे तो नंबर आपोआप मूळ जागी आला.

जखम दुसऱ्या आठवड्यापासून हलली. तळ लालबुंद झाला, कडा आत सरकू लागल्या. बैठका संपल्या तेव्हा नखाएवढी उरली होती, त्यानंतर पाच आठवड्यांत बंद झाली.

ती चेंबरमुळेच भरली का? बायपास झालेली, दाब सुधारलेला, विडी सुटलेली, अशी जखम आणखी दोन-तीन महिन्यांत आपणहून भरली असण्याची शक्यता मी नाकारत नाही, आणि एका रुग्णावरून ते सिद्ध करता येत नाही. मला खात्री आहे ती दुसऱ्या गोष्टीची. पहिल्या १४ बैठका आणि नंतरच्या ३० बैठका यांत यंत्र एकाच जातीचं होतं, पाय तोच होता. मुख्य बदल होता तो धमनीतला. पहिल्या खेपेला वाया गेलेल्या आठवड्यांत तिसरं बोट गेलं. केंद्र चालवणाऱ्या कुणाही डॉक्टरला हात जोडून सांगणं आहे की पावलावरची नाडी हाताने चाचपायला काही खर्च येत नाही, आणि ती लागली नाही तर पॅकेज लिहिण्याआधी रुग्णाला धमन्यांच्या सर्जनकडे पाठवा. घरच्यांनीही विचारावं : पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी झाली का, अंगठ्याचा दाब किती, धमनी उघडता येईल का हे कुणी पाहिलं का?

आबा आता नऊ महिन्यांनंतरच्या तपासणीला येऊन गेले. बायपास उघडी आहे. खास शिवून घेतलेल्या बुटात ते बागेत उभे राहतात, फवारणीला मात्र जात नाहीत. डाव्या पायाची पोटरी दोनशे पावलांवर भरते, अंगठ्याचा दाब ५८ आहे. जखम नाही, रात्रीचा ठणका नाही. मुलाने विचारलं, या पायासाठी आत्ताच एक तीस बैठकांचा कोर्स करून टाकू का? नको म्हटलं. चालताना भरणाऱ्या पोटरीला चेंबरचा उपयोग नाही. तिला चालणंच लागतं : दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटलं की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, निदान तीन महिने. सपाट रस्त्यावर, बूट घालून, आणि घरी आल्यावर सूनबाईंनी दोन्ही तळवे उजेडात बघायचे. दाब पुन्हा तीन महिन्यांनी मोजायचा आहे, आणि त्याआधी कुठल्याही बोटाला साधा ओरखडा जरी दिसला तरी त्याच दिवशी यायचं, हे केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे.